उताऱ्यातलं पानिपत
पानिपतचं ब्लँकेट ट्रंकेतून काढलं, की डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरची गच्ची आठवते. तेव्हा नव्या खासगी कंपन्या एमबीए झालेल्यांना नोकऱ्या देऊ लागल्या होत्या आणि ताई हिवाळ्याच्या उन्हात माझ्याकडून त्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेत होती. सरावातला एक उतारा पानिपतच्या हातमागांवर होता. त्यावरून काय सिद्ध होतं, असा प्रश्न. ‘पानिपतला मोठी लढाई झाली’ या पर्यायावर मी बेधडक खूण केली. ताईनं ती खोडली. “यार ताई, हे खोटं आहे का?” मी चिडले. शेंगा सोलता सोलता ती म्हणाली, “खरं आहे. पण ते तुला माहीत आहे, उताऱ्याला नाही.” मी पुन्हा वाचलं. लहानपणापासून ऐकलेली ती लढाई त्या ओळींत कुठेच नव्हती. खरी गोष्टसुद्धा चुकीचं उत्तर असू शकते, या विचारानं मी थक्क झाले. अजूनही कुणाविषयी मत बनवताना मी थबकते: हे त्यानं सांगितलं, की मीच घरून घेऊन आले?