मच्छरदाणीतले मासे

मासेमारीचं भांडण म्हटलं की तुम्हाला लगेच समुद्र दिसला असेल. आमच्या जळगावाकडे समुद्र नाही, तापी आहे. तिच्या काठावर एक नाना आहेत. कुणाचंही जाळं दिसलं की भोकात अंगठा घालून बघतात. भोक बारीक निघून अंगठा अडकला की घसा खाकरून सुरू, "आज पिल्लं धरशात, मंग पुढला सालले काय धरशात, भो?" ही नक्कल मी रोज करतो.

परवा त्यांच्याच पोरानं मच्छरदाणी लावून बादलीभर पिल्लं धरली. सकाळपासून दुसरं काही लागलंच नव्हतं. नानांनी वळवळणारी बादली नदीत ओतली. मी टाळ्या वाजवल्या.

मागे नानांची बायको, अक्का, उभी होती. माझ्यावरच कडाडली, "टाळ्या काय वाजाडस रे? आज घरमा काय रांधू, तापीमधलं पानी?"