ग्वांगझूमधली दुपार आणि बाबांचा ठेका

बाबा आमच्याकडे वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरात सहा महिने राहिले आणि कंटाळले. सतत वारा, जिकडे तिकडे चढ, आणि दिवसभर बोलायला कोणी नाही. त्यांना नागपूरला सोडायला मीच निघाले. वाटेत चीनमध्ये, ग्वांगझूला विमान बदलायचं होतं. बाबा म्हणाले, "मग एक दिवस थांबू ना. शाळेत त्या चिनी भिक्खूंचा धडा होता. ते एवढ्या लांब आपल्याकडे आले, आपण निदान उतरून तरी बघू."

सकाळी एक जुनं बुद्धमंदिर पाहिलं. बाबांनी त्रिसरण म्हटलं. बाहेर पडलो तर पावसाने गाठलं, म्हणून गल्लीतलं पहिलं उघडं दार ढकललं. आत सात-आठ टेबलं, भिंतीवर गिटारी, आणि कोपऱ्यात एक बाई गात होती. बाटल्यांची रांग दिसली तसे बाबा दारातच थबकले.

"हा बार आहे गं."

"पब आहे, बाबा. पाऊस थांबला की निघू."

जन्मात दारूला न शिवलेल्या बाबांनी खुणेने पाणी मागितलं. मिळालं ते चक्क वाफाळतं, गरम. वेलिंग्टनमध्ये कुठेही गेलं तरी गार पाणीच पुढे येतं म्हणून सहा महिने कुरकुरणारा माणूस एकदम खूश झाला.

बाईच्या शेजारी टक्कल पडलेला एक माणूस लाकडी खोक्यावर बसून त्यावरच हातांनी ठेका धरत होता. थोड्या वेळाने आमच्या टेबलावरूनही आवाज येऊ लागला. बाबांची बोटं! नुसती टकटक नव्हती ती. मधेच एखादा अवघड तुकडा घेऊन ते बरोबर समेवर येत होते. त्या बाईच्याही कानावर ते गेलं असावं. गाणं संपल्यावर ती हसून काहीतरी म्हणाली, आणि तो माणूस उठून, खोक्यावर थाप मारत बाबांना बोलावू लागला.

"छे, छे," म्हणत बाबा उठलेच. चपला काढल्या, खोक्याला हात लावून नमस्कार केला. आधी हात चुकले. मग खोक्यातला घुमारा कुठे आहे ते सापडलं, आणि बाबा गायलाच लागले. एक भीमगीत. त्यांच्या तोंडून मी गाणं असं कधी ऐकलंच नव्हतं. बाईने गिटारवर सूर धरला. शब्द कोणालाही कळत नव्हते, तरी टेबलाटेबलांवरून टाळ्या सुरू झाल्या.

टॅक्सीत मी विचारलं, "हे कुठे शिकलात?"

"लग्नाआधी आमची गायन पार्टी होती. गावोगाव जायचो. मी ढोलकीवर."

"मग सोडलं का?"

"सरकारी क्वार्टर मिळालं. शेजाऱ्यांनी दोनदा विचारलं, ही कसली गाणी? तुझी आई म्हणाली, आपल्याला इथं राहायचंय. मग ढोलकी भावाला देऊन टाकली."

नागपूरला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी नवी ढोलकी आणली. पुढे चार वर्षं, शेवटच्या आजारापर्यंत, दर रविवारी विहारात वाजवली.

परवा माझ्या लेकीने शाळेच्या बँडमध्ये ड्रम्स घेतले, तेव्हा तिला हे सगळं सांगितलं. मराठी कळतं तिला, उत्तर मात्र इंग्रजीत.

"वॉज ही एनी गुड?"

मी खरं तेच सांगितलं. "हात गोड होता. पण रंगात आले की लय पळायची."

तिला त्या दुपारचा व्हिडिओ बघायचा होता. तो नाही. फोन माझ्या हातातच होता; व्हिडिओ काढायचं सुचलंच नाही.