दूध पावडरीतले आयोडीन

स्क्रीनवरच्या आलेखात ३६४ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर शिखर उभे होते आणि त्यापुढची नावाची जागा सॉफ्टवेअरने रिकामी सोडली होती.

नमुना कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका दूध संघाच्या पावडरीचा होता. आमच्या रिपोर्टशिवाय कन्साइनमेंट बंदराकडे निघणार नव्हती. गॅमा किरण सोडणारे प्रत्येक किरणोत्सारी समस्थानिक ते ठराविक ऊर्जेचेच सोडते. कोणती ऊर्जा कोणाची, याची यादी म्हणजे सॉफ्टवेअरची लायब्ररी. तीत नसलेले शिखर निनावी राहते. मी लायब्ररीत आयोडीन-१३१ घातले, ॲनालिसिस पुन्हा चालवले. नाव आले.

अणुभट्टीच्या अपघातात हेच आयोडीन गवतावर बसते, दुधात उतरते आणि लहान मुलांच्या थायरॉईडमध्ये साठते. राधानगरीच्या बाजूची कितीतरी गावे या संघाला दूध घालतात. माझ्या भाचीच्या बाटलीतही तेच दूध असते.

लॅबप्रमुख देसाई सर मागे उभे होते.

"ती एन्ट्री डिलीट कर. काल लायब्ररीत नव्हतीच की."

"सर, नाव जाईल. शिखर राहील."

"आणि खोटं निघालं तर? संघ बुडंल, लॅब बुडंल. सही तुझी हाय."

सीनियर ॲनालिस्टच्या पदासाठी तेव्हा माझेच नाव गेले होते. तरीही मी एका दिवसाची मुदत मागितली.

प्रथम रिकामा डिटेक्टर मोजला. शिखर नाही, म्हणजे लॅब स्वच्छ. नंतर पावडरीची तारीख पाहिली. ती कित्येक महिन्यांपूर्वीची होती. हे आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मे होते. इतक्या काळात ते उरायलाच नको. म्हणजे ते नुकतेच लागले होते. नमुना ज्या पिशवीतून आला, ती रिकामी पिशवीच मी डिटेक्टरवर ठेवली. शिखर दुप्पट उंच झाले.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः संघाच्या गोदामात गेले. नमुने भरणारे तातोबामामा तिथले जुने कर्मचारी. त्यांनी नवी प्लॅस्टिकची पिशवी घेतली, अंगठा जिभेला लावला आणि तिचे चिकटलेले तोंड चोळून उघडले.

मी त्यांना थांबवले. हल्ली काही औषध घेतलेत का, असे विचारले.

"थायरॉईडचं, व्हय. मिरजंत गेल्या आठवड्यात गोळी दिली. डॉक्टर म्हणालं, पोरास्नी जवळ घिऊ नका, घरात लांब बसा. म्हणून तर कामावर आलोय की."

त्या गोळीत आयोडीन-१३१ असते आणि ते लाळेत उतरते.

हातमोजे घालून दुसऱ्याने भरलेला नमुना स्वच्छ निघाला. कन्साइनमेंट गेली. मामांना रजेवर पाठवले. लायब्ररीतली एन्ट्री मी ठेवली आणि नमुना घेण्याच्या सूचनांमध्ये एक वाक्य वाढवले: पिशवी थुंकी लावून उघडू नये.

असले काही लिहायचे असते का, असे सरांनी विचारले. लिहावे लागते, एवढेच मी म्हणाले.