‘बसलेली स्त्री’

चित्राखालची पट्टी तुम्ही शेवटची कधी नीट वाचलीत?

चित्रकला महाविद्यालयाच्या प्रदर्शनात प्रबोधनकाळातल्या एका इटालियन व्यक्तिचित्राची प्रत टांगली होती. पट्टीवर प्रभाव नोंदवले होते. तैलरंगांची चमक उत्तर युरोपातल्या चित्रकारांची, मानेचं वळण चित्रकाराच्या गुरूचं. बाईविषयी दोनच शब्द, ‘अज्ञात स्त्री’.

शेजारी त्याच धाटणीत विद्यार्थ्यांनी रंगवलेल्या हिराबाई. वर्गात चित्रासाठी न हलता बसणं, हे त्यांचं काम. घरी ते कुणाला खरं वाटत नाही, म्हणून त्या सुनेला मुद्दाम घेऊन आल्या होत्या.

“चेहरा तुमचाच की, आत्याबाई! पण नाव कुठाय? गल्लीत सांगू कसं?”

पट्टीवर होतं, ‘बसलेली स्त्री, इटालियन प्रभाव’. सुनेनं ते वाचून दाखवलं.

“प्रभाव त्यांचा असंल,” हिराबाई म्हणाल्या, “पाठ तर माझीच दुखली.”

सून हसली. हिराबाई मात्र पट्टीकडेच बघत राहिल्या. इतकी शतकं गेली, चित्रांतल्या बायकांची नावं लिहा म्हणून आम्ही काहीजणींनी इतकी पत्रकं वाटली, आणि पट्टी तशीच. आता रागावण्याचाही थकवा येतो.

तरी एवढं करा. असं चित्र दिसलं की विचारा, “ही कोण?” आणि पट्टीवर तिचं नाव लिहिलं जाईपर्यंत तिथून हलू नका. तीही हलली नव्हती.