सीताफळवालीचा प्रश्न

धारूरच्या बाजारातली सीताफळवाली मावशी फळ कधी दाबत नाही. मान कलती करून नुसती बघत राहते, जणू झोपलेलं कुणी आपसूक जागं होईल. पैसा कसा सांभाळावा हे शिकवायला कुणी आलं, की ती तशीच बघत ऐकते. शेवटी एकच विचारते, "तुमाला ह्येच्यात काय मिळतंय?"

बँकेची बाई म्हणाली, "पगार. तुम्ही काही घ्या, नका घेऊ." तिच्यापुढं मावशी चार बुधवार बसली.

लग्नाच्या हॉलात पैसे दुप्पट करायला शिकवणारा टायवाला हसून म्हणाला, "काहीच नाही, समाजसेवा." मावशी टोपली उचलून निघाली. मी शेजारीच होतो. तिची जागा रिकामी झाली आणि मला त्याचा फॉर्म भरायला ऐसपैस बसता आलं.