कणीपुरता कच्चा

पास्ता नेमका किती शिजवायचा हे जगात दोघांनाच कळतं, इटलीतल्या लोकांना आणि माझ्या मावसभावाला. आणि इटलीतल्या लोकांबद्दल त्याला तितकीशी खात्री नाही. तो इटलीला कधी गेलेला नाही. परक्या उशीवर त्याला झोप येत नाही, म्हणून माझ्याकडे डोंबिवलीला आला तरी संध्याकाळी ठाण्याला परततो. कोलशेतला, खाडीचा वारा खिडक्या वाजवत असतो अशा एका इमारतीत त्याचं घर आहे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत त्याची सारी नोकरी झाली आणि जगाकडे बघायची त्याची नजर तिथेच तयार झाली. "ताई, लिफ्ट मजल्यावर थांबते म्हणजे मजल्यावरच थांबली पाहिजे," तो मला सांगतो. "जरा खाली राहिली तरी माणूस ठेचकाळतो, जरा वर गेली तरी ठेचकाळतो. पास्त्याचं अगदी तसंच आहे." मी त्याच्याहून मोठी, भात लावण्यात जन्म गेलेला; पण गॅसवर पास्त्याचं पातेलं चढलं की त्याच्यापुढे मी शिकाऊ उमेदवार.

भातात कणी राहिली तर आपल्याकडे रांधणारीला बोलणी बसतात. पास्त्यात मात्र कणी राहिलीच पाहिजे, असं त्याचं म्हणणं. उकळत्या पाण्यातून तो एक नळी काढतो, सुरीने आडवी कापतो आणि खिडकीशी नेऊन उजेडात बघतो. कापलेल्या कडेच्या मधोमध पांढरा ठिपका दिसतो, टाचणीच्या डोक्याएवढा. तो ठिपका जाता जाता गॅस बंद. उरलेलं शिजणं टोमॅटोच्या रश्शात होईल, त्याची सोय त्याने आधीच करून ठेवलेली असते. पाण्यात तेल टाकायचं नाही. मीठ किती, तर खाडीच्या पाण्याइतकं नाही, पण खाडीची आठवण यावी इतकं. आणि शिजलेल्या पास्त्यावर गार पाणी ओतायचं नाही. एकदा आमच्या यजमानांनी मदत करायच्या उत्साहात चाळणी नळाखाली धरली. मावसभावाने शांतपणे नळ बंद केला, चाळणी हातातून काढून घेतली आणि म्हणाला, "भाऊजी, तुम्ही बाहेर बसून पेपर वाचा." यजमान अजूनही तो घरात आला की आपणहून पेपर शोधायला लागतात.

त्याच्या मते पास्त्याला पोहायला जागा लागते, म्हणून पाणी भरपूर. दिवा स्टेशनाजवळ त्याचा मेहुणा राहतो. तिथे नळाला पाणी येतं की नाही यावर सगळ्या इमारतीचा दिवस ठरतो. मेहुण्याच्या मुलाच्या वाढदिवसाला मावसभावाने पास्ता करायचं कबूल केलं आणि पोचल्यावर मोठं पातेलं भरून पाणी मागितलं. मेहुण्याची बायको पिंपाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भावजी, एवढ्या पाण्यात आमचं सगळ्यांचं चहापाणी नि भांडी होतात हो." तो ओशाळला, पण कमी पाण्यात शिजवणं काही त्याला जमेना. तसाच ठाण्याला परत गेला, घरचे कॅन भरले, रिक्षात घालून आणले. पास्ता शिजल्यावर ते पाणी फेकू दिलं नाही. थोडं रश्शात घातलं आणि बाकीचं निवल्यावर मेहुण्याच्या बायकोने भांडी विसळायला घेतलं. तेव्हापासून दिव्याला तो जाताना कॅन घेऊनच जातो, पास्ता करायचा नसला तरीही.

हे वेड कुठून आलं ते तो कुणाला सांगत नाही. मला सांगितलं, तेही एकदाच. त्याची बायको गेली तेव्हा जुई, त्याची एकुलती लेक, शाळेत होती. नातेवाईक पांगले आणि घरात दोघंच उरली. जुई वरणभाताचं ताट तसंच ठेवून उठायची. आईच्या हातचं नाही असं ती कधी म्हणाली नाही, पण घास काही खाली उतरत नव्हता. एके दिवशी एवढंच बोलली, की मैत्रिणीच्या वाढदिवसाला पास्ता होता, तो बरा लागला होता. मावसभाऊ लगेच उठून पास्त्याचं पाकीट घेऊन आला. त्याला येत होता तो एकच मार्ग, कुकर. त्याने पास्ता कुकरला लावला आणि भातासारख्या शिट्ट्या घेतल्या. आतून निघाली ती भिंतीवर कागद चिकटवायची खळ. जुईने ती चमच्याने सगळी संपवली आणि म्हणाली, "छान झालंय, बाबा."

"मग मी आत जाऊन कुकर खरवडून खाल्ला," तो मला म्हणाला. "ताई, मी तिथेच ओट्याखाली बसलो. आई गेलेली पोर, आणि ती मला सांभाळून घेत होती."

त्यानंतर तो शिकत गेला. मोबाइलवर बघून, पाकिटावरचं वाचून, बिघडवून. घरात सगळं जिथल्या तिथे आलं ते त्याच दिवसांत. त्याने एक नियम केला, तो आजवर मोडलेला नाही: माणसं ताटावर बसल्याशिवाय पास्ता पाण्यात पडणार नाही. "पास्ता थांबत नाही, माणसं थांबू शकतात," असं तो म्हणतो. जुई कॉलेजातून, पुढे नोकरीवरून घरी यायची, हातपाय धुऊन टेबलाशी बसायची आणि आत ओरडून सांगायची, "बसले हं." मग पातेल्यात सळसळ व्हायची. ती बसून वाट बघायची, तो उभा राहून, आणि दिवसभराचं सगळं बोलणं त्या वेळात होऊन जायचं.

जुईने आपलं लग्न आपणच ठरवलं. मुलगा कल्याणचा, तिच्याच ऑफिसातला. मुलाच्या आईची ना नव्हती. वडिलांची जरा अढी होती, आई नसलेल्या घरातली एकुलती मुलगी, पुढे सगळा भार आपल्या मुलावर, असं काहीसं त्यांच्या मनात होतं. ही मंडळी मुलाच्या आजीला घेऊन भेटायला यायची होती. मी सकाळीच जाऊन पोचले आणि म्हटलं, "पोहे कर, नाहीतर वडे मागव. आजच्या दिवस पास्ता नको."

"जुई काय खाऊन मोठी झाली, हे त्यांना कळायला नको का?" तो म्हणाला.

मंडळी रस्त्यात अडकली आणि बरीच उशिरा आली. चहा झाला, बोलणी झाली, मी सगळ्यांना टेबलाशी बसवलं. त्यांनी पुढ्यातल्या रिकाम्या प्लेटांकडे बघितलं, आणि आतून पास्ता पाण्यात पडल्याचा आवाज आला. मुलाच्या वडिलांनी घड्याळ बघितलं. थोड्या वेळाने पुन्हा बघितलं. मग हसल्यासारखं करून म्हणाले, "आम्ही येणार हे ठरलेलं नव्हतं का?"

मी उगाच पाण्याचे पेले पुढे सरकवले. जुई मात्र शांत होती. "बाबा सगळ्यांनाच असं थांबवतात, काका," ती म्हणाली. "माणसं बसली की मगच ते टाकतात. मी लहानपणापासून अशीच बसत आलेय."

तेवढ्यात आजी खुर्चीचा आधार घेत उठल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. मीही मागे गेले. मावसभाऊ सुरी घेऊन खिडकीशी उभा होता.

"काय करता एवढं?" आजींनी विचारलं.

त्याने एक नळी बशीत घालून त्यांच्यापुढे धरली. आजींनी फुंकर घातली, तोंडात टाकली, हळूहळू चावली. "कणी आहे यात."

"असायलाच पाहिजे, आजी. तीच तर खरी गंमत आहे."

"असेल हो," आजी म्हणाल्या. "पण माझी कवळी आहे. कणी टोचते मला. तुम्ही वाढा सगळ्यांना, मी दहीभात खाईन थोडा. असला तर."

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. याने सख्ख्या बहिणीला पास्ता जास्त शिजवून दिला नव्हता, मला दिला नव्हता, तापाने फणफणलेल्या साहेबाला दिला नव्हता. तो क्षणभर पातेल्याकडे बघत राहिला. मग त्याने सगळ्यांचा पास्ता काढून घेतला, आजींपुरता मूठभर तेवढा तसाच पाण्यात ठेवला आणि खालचा गॅस पुन्हा वाढवला. मला म्हणाला, "ताई, तू बाहेरचं वाढ. आजींचं मी आणतो."

बाहेर सगळे खायला लागले तरी तो आतच होता. बाहेर आला तेव्हा आजींच्या बशीतला पास्ता चमच्याच्या टोकाने तुटत होता. आजींनी एक घास घेतला, दुसरा घेतला आणि जुईला म्हणाल्या, "बरं केलंय गं. तुमच्याकडे असं एकेकाला वेगवेगळं शिजवतात का?"

"नाही, आजी," जुई म्हणाली. "आज पहिल्यांदाच." ती बापाकडे बघत होती, आणि तो आजींच्या बशीकडे.

मुलाचे वडील मान खाली घालून खात होते. आपल्या आईला मऊ अन्न लागतं हे त्या घाईत ते सांगायचेच विसरले होते, हे मागाहून त्यांनीच मला सांगितलं. खाणं झाल्यावर ते मावसभावाजवळ जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्ही एकदा कल्याणला या. आपण बसून तारखेचं बघू."

लग्न झालं. चांगलं झालं. जुई कल्याणला गेली. कल्याण काही लांब नाही, असं मावसभाऊ दर भेटीत मला सांगतो. मी कधी म्हटलेलं नसतं लांब आहे म्हणून.

परवाच्या रविवारी मी त्याच्याकडे गेले होते. त्याने मला टेबलाशी बसवलं आणि मगच पास्ता पाण्यात टाकला. इतक्यात जुईचा फोन आला. सासरी ती पहिल्यांदाच पास्ता करत होती, सगळे ताटावर बसले होते आणि हिला धीर नव्हता. "बाबा, कापून ठिपका बघितला, पण मला कळतच नाहीये. मी चावते, तुम्ही ऐका."

त्याने फोन कानाशी धरला आणि डोळे मिटले. "अजून जरा," तो म्हणाला. मग, "पुन्हा चाव." आणि मग अगदी हळू, "काढ आता. आजींचा राहू दे पाण्यात."

पलीकडे एकच धांदल उडाली. पाणी ओतल्याचं, भांड्यांचं, कुणीतरी कुणाला हाक मारल्याचं मला इथपर्यंत ऐकू येत होतं. फोन बंद करायचा जुई विसरली असावी, ओट्यावर तसाच राहिला. मावसभावानेही फोन ठेवला नाही. खिडकीशी उभा राहून तो त्या घरातलं जेवण ऐकत राहिला. खुर्च्या सरकल्या, आजींनी काहीतरी मागितलं, कुणीतरी हसलं.

आमच्या पातेल्याखालचा गॅस मी उठून बंद केला.