खोडलेली खूण

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी दौंडच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. गाव कासुर्डीकडचं, शेवंतीची तोडणी असली की माझे तास बुडायचे. वडलांनी निक्षून सांगितलं होतं, "मन लागत न्हाई अशी एक जरी तक्रार आली, तर कालिज बंद. फुलं तोडायला माणूस लागतंच हाय." त्यामुळे कॉलेजात कुणी माझं नाव घेतलं तरी वाटायचं, गेली तक्रार घरी.

एके दिवशी मानसशास्त्राच्या मॅडमनी छापील कागद वाटले. त्यांचा एम.फिल.चा अभ्यास चालला होता: मुलांना स्वतःबद्दल काय वाटतं आणि अभ्यासात त्यांचं कितपत लक्ष असतं, याचा काही मेळ बसतो का. वीस विधानं, पुढे चार रकाने, ‘पूर्ण पटते’पासून ‘अजिबात पटत नाही’पर्यंत. हजेरीशी ताडून बघायला वर रोल नंबर.

"ही परीक्षा नाही," मॅडम दोनदा म्हणाल्या. पण छापील कागद आणि रोल नंबर म्हटल्यावर आमच्या लेखी तो पेपरच. अख्खा वर्ग माना तिरक्या करून बसला. उशीर झाल्याने मी पहिल्या बाकावर अडकले होते, शेजारी वर्गात पहिली येणारी, रेल्वे कॉलनीतली मुलगी. मग काय! विधानं वाचलीच नाहीत. तिच्या खुणा जिथे, तिथे माझ्या. तिने एक खूण खोडून दुसऱ्या रकान्यात केली होती, मीही इमानेइतबारे तश्शीच खोडली. नक्कल करायलाही अक्कल लागते म्हणतात, ती माझ्याकडे नव्हती.

आठवड्याने मॅडमनी दोघींना बोलावलं. टेबलावर दोन्ही कागद शेजारी शेजारी.

"कुणी कुणाचं पाहिलं?"

माझ्या डोळ्यांपुढे वडील उभे राहिले. मान खाली गेली ती कागदावर, आणि तेव्हा कुठे मी ती विधानं वाचली. ‘मी वर्गात नसेन तर कुणाला तरी चुकल्यासारखं वाटेल.’ यापुढे आधी ‘पटते’ होतं. ते खोडून ‘अजिबात पटत नाही’.

"मी हिचं बघितलं, मॅडम," ती म्हणाली.

मी सुटतेय की अडकतेय याची तिला फिकीर नव्हती. त्या खुणा तिच्या आहेत हे कुणाला कळू नये, एवढंच तिला हवं होतं. मला ते कळलं आणि मी गप्प बसले.

मॅडमना ते लगेच पटलं. हजेरी माझी कमी, मग स्वतःबद्दलचं मतही कमीच असणार. घरी त्यांनी काही कळवलं नाही. उलट दर शनिवारी मला बोलवून घ्यायच्या; काय वाचतेस, जेवलीस का, विचारायच्या. मी तोडणी लवकर आटपून तासाला येऊ लागले, मन खरंच लागायला लागलं. भीती मात्र गेली नाही, आता ती त्या मुलीला पाहिलं की वाटायची. रोज ठरवायचे, आज तिच्याशी बोलायचं. पण बोललं तर माझी चोरी उघडी पडेल, म्हणून उद्यावर ढकलायचे.

दुसऱ्या वर्षी ती आलीच नाही. सर हजेरी घेताना दोन-तीन दिवस तिच्या नंबरापाशी थांबले, मग थेट पुढचा नंबर घेऊ लागले. मला चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं. तेवढं तिला सांगायला तिचं घर मला ठाऊक होतं, स्टेशनापासून दहा मिनिटांवर. मी गेले नाही.